युनिक्स प्रणालींना व्हायरसचा धोका कितपत?

लिनक्स किंवा मॅक (दोन्ही युनिक्स या जुन्या प्रणालीच्या घराण्यातली) वापरणाऱ्या माणसाला ‘तुमच्या संगणकावर अँटिव्हायरस आहे का’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘त्याची गरजच नाही, युनिक्सला व्हायरस लागत नाही.’ मी स्वतः बरीच वर्षे लिनक्स वापरतो आणि माझ्याही संगणकावर रूढ अर्थाने अँटिव्हायरस नाही. तरीही हे उत्तर मला पटत नाही. फायलींना चिकटून पसरणारा जुन्या धाटणीचा व्हायरस युनिक्सवर क्वचितच आढळतो, एवढे खरे आहे. परंतु त्याचे जे कारण सांगितले जाते ते अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट कारणावर विसंबून राहणारा माणूस जिथे सावध राहायला हवे नेमका तिथेच गाफील राहतो.

ते कारण म्हणजे फायलींच्या परवानग्या. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये झाला आणि लवकरच एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था म्हणून ते वाढले. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याने बिघडवू नये, ही काळजी त्याच्या रचनेत आरंभापासून आहे. टर्मिनलवर ‘एलएस’ ही कमांड सविस्तर यादीच्या पर्यायासह चालवली, की प्रत्येक फाइलच्या ओळीच्या सुरुवातीला दहा चिन्हांची एक पट्टी दिसते. पहिले चिन्ह फाइलचा प्रकार सांगते. उरलेली नऊ चिन्हे तीन-तीनच्या गटांत मालकाला, त्याच्या गटाला आणि बाकी सर्वांना वाचणे, लिहिणे व चालवणे यांपैकी कशाची मुभा आहे हे सांगतात. आता खुद्द ‘एलएस’ या प्रोग्रॅमची फाइल पाहावी. तिचा मालक रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. इतरांना ती वाचता येते, चालवता येते, पण तिच्यात एक अक्षरही लिहिता येत नाही. सामान्य वापरकर्त्याने चुकून एखादा व्हायरस चालवला आणि त्या व्हायरसने ‘एलएस’मध्ये स्वतःची प्रत घुसवण्याचा प्रयत्न केला, तर प्रणालीचा गाभा असलेले कर्नल त्याला तिथेच अडवते. शिवाय इंटरनेटवरून उतरवलेल्या साध्या फाइलला चालवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. ती वापरकर्त्याला मुद्दाम द्यावी लागते. नावाच्या शेवटची तीन अक्षरे पाहून फाइल चालवायची की नाही हे ठरवण्याची पद्धत युनिक्समध्ये नव्हती.

याउलट विंडोज ९५ आणि ९८ ज्या फाइल सिस्टिमवर चालत, तिच्यात फाइलला मालक ही कल्पनाच नव्हती. कोणताही प्रोग्रॅम कोणत्याही फाइलमध्ये राजरोस लिहू शकत असे. युनिक्सच्या अभेद्यतेची ख्याती मुख्यतः त्या काळातल्या तुलनेवर उभी आहे. ती तुलना आज शिळी झाली आहे, हे मात्र युनिक्सप्रेमी सहसा बोलून दाखवत नाहीत. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये परवानग्यांची व्यवस्था होती आणि काही बाबतीत ती युनिक्सच्या नऊ चिन्हांपेक्षा अधिक बारीक होती. घोळ असा होता, की पुढे विंडोज एक्सपीपर्यंत घरगुती वापरकर्त्यांना सर्रास प्रशासकाचे अधिकार देऊन ठेवले जात, त्यामुळे ती व्यवस्था असून नसल्यासारखी होती. व्हिस्टापासून हे चित्र बदलू लागले.

गंमत अशी, की व्हायरसचा पहिला पद्धतशीर, लिखित नोंदी ठेवून केलेला प्रयोग युनिक्सवरच झाला. १९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने युनिक्स चालणाऱ्या व्हॅक्स ११/७५० यंत्रावर परवानगी घेऊन हा प्रयोग केला. ‘व्हीडी’ नावाच्या, फायलींची रचना चित्ररूपात दाखवणाऱ्या एका नव्या प्रोग्रॅममध्ये त्याने व्हायरस दडवला आणि यंत्राच्या सूचनाफलकावरून त्या प्रोग्रॅमची माहिती सर्वांना दिली. प्रत्यक्ष नुकसान होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेतली होती. एकूण पाच वेळा हल्ला केला गेला आणि प्रत्येक वेळी एका तासाच्या आत यंत्राचे सर्वाधिकार हल्लेखोराच्या हाती आले. सर्वांत जलद हल्ल्याला पाच मिनिटेही लागली नाहीत आणि सरासरी वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी भरली. हल्ला चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या फायलीसुद्धा बाधित झाल्या. हे निष्कर्ष हाती आल्यावर तिथल्या प्रशासकांनी पुढचे प्रयोग करायला परवानगी नाकारली. ती त्यांनी का नाकारली असावी हे समजण्यासारखे आहे, पण त्याने प्रश्न मिटला नाही.

यात परवानग्यांची एकही भिंत फोडली गेली नव्हती, कोणताही बग वापरला गेला नव्हता, आणि मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो त्यामुळेच. युनिक्समध्ये प्रोग्रॅम चालतो तो त्याला लिहिणाऱ्याच्या अधिकाराने नव्हे, तर त्याला चालवणाऱ्याच्या अधिकाराने. मी लिहिलेला प्रोग्रॅम तुम्ही चालवलात, की त्या क्षणापुरता तो म्हणजे तुम्हीच असता: तुम्हाला जे वाचता येते ते त्याला वाचता येते, तुम्हाला जिथे लिहिता येते तिथे त्याला लिहिता येते. तुमच्या एखाद्या फाइलमध्ये त्याने स्वतःला घुसवले आणि ती फाइल तुमच्या सहकाऱ्याने चालवली, की तो सहकाऱ्याच्या अधिकाराने वावरू लागतो. अशा साखळीत कधी ना कधी एखादा प्रशासक येतोच, आणि त्याने एकदा तो प्रोग्रॅम रूट म्हणून चालवला की खेळ आटोपतो.

प्रशासकाला या साखळीत ओढण्याची एक जुनी युक्ती तर इतकी साधी आहे, की ती वाचून आजही कौतुक वाटते. कमांडचे नाव दिल्यावर तिचा प्रोग्रॅम कोणकोणत्या डिरेक्टरींत (फोल्डरांत) शोधायचा याची एक यादी युनिक्स सांभाळते. तिला पाथ म्हणतात. पूर्वी अनेक जण सोय म्हणून या यादीत ‘मी आत्ता जिथे आहे ती डिरेक्टरी’ असे दर्शवणारा एक टिंब सर्वांत आधी घालून ठेवत. मग एखाद्या खोडसाळ वापरकर्त्याने आपल्या डिरेक्टरीत ‘एलएस’ याच नावाचा एक स्वतःचा प्रोग्रॅम ठेवायचा आणि ‘माझ्या फायलींमध्ये काहीतरी गडबड आहे, जरा बघता का’ अशी तक्रार प्रशासकाकडे करायची. प्रशासक रूट म्हणून त्या डिरेक्टरीत येणार आणि पहिली कमांड म्हणून ‘एलएस’च देणार! त्याच्यासमोर फायलींची यादी नेहमीसारखीच दिसते, कारण खोटा प्रोग्रॅम आपले काम उरकून शेवटी खऱ्याला बोलावतो. रूटच्या पाथमध्ये टिंब नसावे हा नियम अशाच अनुभवांतून आला.

इतके असूनही फायलींना चिकटणारे व्हायरस युनिक्सवर फोफावले नाहीत. १९९६ मध्ये लिनक्सवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा स्टाओग आढळला. रूटचे अधिकार मिळवण्यासाठी तो आधीच माहीत असलेल्या तीन त्रुटींवर अवलंबून होता. १९९७ मध्ये ब्लिस आला. तो इतका सभ्य होता, की बाधित प्रोग्रॅम ‘ब्लिस-अनइन्फेक्ट-फाइल्स-प्लीज’ असा पर्याय देऊन चालवला तर तो स्वतःची घाण स्वतःच काढत असे. दोघांपैकी कुणीही फार पसरले नाही. मला वाटते, याचे श्रेय परवानग्यांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, प्रोग्रॅम मिळवण्याच्या पद्धतीला द्यायला हवे. व्हायरस टिकायचा असेल तर एका बाधित यंत्राने सरासरी एकापेक्षा जास्त यंत्रे बाधित केली पाहिजेत. डॉस आणि विंडोजच्या जगात फ्लॉपीवरून आणि पुढे ईमेलवरून प्रोग्रॅम हातोहात फिरत होते, त्यामुळे हे गणित व्हायरसच्या बाजूने सुटत असे. लिनक्सवर मात्र प्रोग्रॅम कुणा मित्राकडून घ्यायचा नसतो. तो वितरणाच्या, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या, अधिकृत भांडारातून, डिजिटल स्वाक्षरी तपासून उतरवला जातो. माझ्या यंत्रावरचा एखादा प्रोग्रॅम बाधित झाला तरी तो तिथून तुमच्या यंत्रावर जाण्याची वाटच उरत नाही. त्यातच निरनिराळी वितरणे, निरनिराळ्या आवृत्त्या, निरनिराळे प्रोसेसर. आणि टेबलावरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा लहान. लहान वाट्याचे कारण पुढे केले की काही जणांना ते कमीपणाचे वाटते, पण तोही एक घटक आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

वाट उरत नाही असे म्हटले, ते माणसाच्या हातून फिरणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. नेटवर्कवर कायम उघड्या राहणाऱ्या सेवांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे युनिक्सने फार लवकर मार खाल्ला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम, काही तासांत हजारो यंत्रांवर पोहोचला. त्या वेळच्या इंटरनेटवर अंदाजे ६० हजार यंत्रे होती आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार बाधित झाली, असा आकडा नेहमी दिला जातो. ही सगळी बर्कली युनिक्सवर चालणारी व्हॅक्स आणि सन यंत्रे होती. वर्म शिरला तो चारपाच दरवाजांतून. ईमेल पोहोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये चाचणीसाठीची एक सोय चालू राहिली होती. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर या सेवेत ५१२ बाइटांची जागा राखून ठेवलेली होती, पण आलेला मजकूर तिथे मावतो की नाही हे कुणी तपासत नव्हते. एकमेकांवर विश्वास ठेवणारी यंत्रे पासवर्ड न विचारता दुसऱ्या यंत्रावरच्या वापरकर्त्याला आत घेत होती. आणि पासवर्ड ओळखण्यासाठी वर्मने स्वतःबरोबर ४३२ शब्दांची यादीच आणली होती. कूटबद्ध पासवर्ड ज्या फाइलमध्ये असत ती त्या काळी सर्वांना वाचता येत होती, त्यामुळे ही ओळखाओळख शांतपणे, कुणाच्या लक्षात न येता करता येई. पासवर्ड केवळ रूटला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली.

यंत्रे निरनिराळी असल्यामुळे युनिक्स सुरक्षित राहते, या समजुतीलाही मॉरिसच्या वर्मने तेव्हाच छेद दिला होता. नव्या यंत्रात शिरताना तो आधी सी भाषेतला ९९ ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम मूळ स्वरूपात पाठवत असे आणि त्याच यंत्रावरच्या कंपायलरकडून तो बांधून घेत असे. म्हणजे हत्यार घडवायला लोहारही यजमानाचाच! २००२ मध्ये लिनक्सवरील अपाचे वेब सर्व्हरांमध्ये पसरलेल्या स्लॅपर वर्मनेही तेच केले. या साऱ्या प्रकारात फाइलच्या परवानग्यांचा फारसा संबंध येत नाही, कारण सेवा स्वतःच्या अधिकारांनी चालत असते आणि तिच्याच तोंडून हल्लेखोर बोलतो.

सेवांमधल्या बगांची ही कथा अजून संपलेली नाही. बॅश या सर्वत्र असणाऱ्या शेलमधली, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड समजून घेणाऱ्या प्रोग्रॅममधली, एक त्रुटी सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक या नावाने उघडकीस आली, तेव्हा ती जवळपास पाव शतक तिथे होती. यंत्राच्या आत सामान्य वापरकर्त्याला रूट बनवणाऱ्या त्रुटी तर ठरावीक काळाने निघतच असतात: जानेवारी २०२१ मध्ये सुडोमध्ये सापडलेला बग २०११ पासून होता आणि जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेकमध्ये सापडलेला २००९ पासून. या दोन्ही प्रोग्रॅमांचे कामच मुळी सामान्य माणसाला तात्पुरते मोठे अधिकार देणे हे आहे. तिथल्या एका चुकीने आधी वर्णन केलेली नऊ चिन्हांची सगळी मांडणी निरुपयोगी ठरते. ‘कोड सर्वांसमोर उघडा आहे, हजारो डोळे तो पाहतात’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी या वर्षांची वजाबाकी एकदा करून पाहावी. कोड उघडा असणे चांगलेच आहे, पण उघडा असलेला कोड कुणीतरी खरोखर वाचलाही पाहिजे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सर्व लिहायला घेतले त्याकडे येतो. परवानग्यांची भिंत एका वापरकर्त्याला दुसऱ्या वापरकर्त्यापासून आणि सर्व वापरकर्त्यांपासून प्रणालीला वाचवते. १९७५ च्या सुमारास विद्यापीठातल्या एकाच यंत्रावर कितीतरी जण काम करत होते, तेव्हा मौल्यवान गोष्ट म्हणजे यंत्र होते आणि धोका म्हणजे शेजारचा वापरकर्ता. माझ्या टेबलावरच्या संगणकावर वापरकर्ता मी एकटाच आहे. प्रणाली बिघडली तर ती पुन्हा बसवायला फारसा वेळ लागत नाही आणि पैसे तर लागतच नाहीत. जे पुन्हा मिळणार नाही ते सगळे माझ्या होम डिरेक्टरीत असते: छायाचित्रे, लिखाण, ब्राउझरने साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा, सर्व्हरवर शिरण्याच्या डिजिटल किल्ल्या. आणि या सगळ्याचा मालक मीच असल्यामुळे, मी चालवलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमला ते सगळे वाचण्याची, पुसण्याची, कूटबद्ध करून ठेवण्याची पूर्ण मुभा असते. रूटचा पासवर्ड कुणीही विचारत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. युनिक्स इथे आपल्याला दिलेले काम चोख करत असते. फक्त जे राखले जाते ते माझ्या लेखी फारसे मोलाचे नाही आणि जे मोलाचे आहे ते उघड्यावर आहे.

मॅकवर २०१२ मध्ये पसरलेल्या फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रॅमने हे स्पष्टपणे दाखवून दिले. जावामधल्या एका त्रुटीतून तो ६ लाखांहून अधिक मॅकवर पोहोचला. त्याच्या काही आवृत्त्यांमध्ये प्रशासकाचा पासवर्ड मागणारी खिडकी येत असे. पण पासवर्ड दिला नाही म्हणून तो माघार घेत नसे, तर त्या एका वापरकर्त्याच्या आवारात आपले बस्तान मांडत असे.

ज्याला रूट हवेच आहे, त्यालाही घाई नसते. शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल माझ्याच होम डिरेक्टरीत आणि माझ्याच मालकीची असते. तिच्यात एक ओळ घालून ‘सुडो’ या नावाचा अर्थ बदलता येतो, म्हणजे पुढच्या वेळी मी सुडो म्हणून जे चालवीन ते आधी माझा पासवर्ड टिपून घेईल आणि मग खऱ्या सुडोकडे देईल. पाथमधल्या टिंबाची जी युक्ती वर सांगितली तिचाच हा नवा अवतार आहे. फरक इतकाच, की आता फसवला जाणारा वापरकर्ता आणि प्रशासक एकच माणूस आहे. जुन्या एक्स ११ या ग्राफिक व्यवस्थेत तर एवढेही करावे लागत नाही, कारण तिच्यात एका खिडकीतल्या प्रोग्रॅमला दुसऱ्या खिडकीत टंकलेली अक्षरे ऐकता येतात. वेलँड या नव्या व्यवस्थेने ही सोय बंद केली आहे.

या पार्श्वभूमीवर अँड्रॉइडची रचना मला फार कल्पक वाटते. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचेच कर्नल आहे आणि फोन वापरणारा माणूस बहुधा एकच असतो. म्हणून त्याच्या रचनाकारांनी प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र वापरकर्ता मानले. एका माणसाला दुसऱ्यापासून वाचवण्यासाठी बांधलेली जुनी भिंत त्यांनी एका ॲपला दुसऱ्या ॲपपासून वाचवण्यासाठी वापरली, आणि एका ॲपला दुसऱ्याच्या खासगी फायली आपसूक दिसेनाशा झाल्या. तरीही अँड्रॉइडवर फसवी ॲप येतात, कारण माणूस स्वतःच्या बोटाने त्यांना संदेश वाचण्याची नाहीतर पडद्यावर ताबा ठेवण्याची परवानगी देतो. टेबलावरच्या लिनक्समध्ये असे विभाजन उशिरा आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० मध्ये खुले केलेले एसईलिनक्स, तसेच ॲपआर्मर आणि फ्लॅटपॅक हे त्याच दिशेचे प्रयत्न आहेत. मात्र अनेक ठिकाणी त्रास होतो म्हणून एसईलिनक्स बंद करून टाकण्याचा सल्ला पहिल्याच ओळीत दिला जातो, तो काही स्पृहणीय नाही.

टेबलावर लिनक्सचा वाटा लहान असला तरी सर्व्हर, राउटर आणि कॅमेऱ्यांच्या जगात तोच सर्वत्र आहे, आणि तिथे हल्लेखोरांनी त्याला कधीच कमी लेखले नाही. २०१६ चा मिराई हा वर्म टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीवरून कॅमेरे आणि राउटरांत शिरत असे आणि त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातूनच बसवून दिलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या. बाकी कोणतीही चतुराई त्याला लागली नाही. तो केवळ मेमरीत राहत असे, त्यामुळे यंत्र बंद करून सुरू केले की जात असे, आणि पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या झुंडीने डाइन (Dyn) या कंपनीच्या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सेवेवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील एका होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर एरेबस या रॅन्समवेअरने कूटबद्ध केले; त्यांवर ३,४०० हून अधिक संकेतस्थळे होती आणि कंपनीने सुमारे १० लाख डॉलर खंडणी द्यायचे मान्य केले. ‘युनिक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य त्या कंपनीच्या ग्राहकांना ऐकवण्यात काही हशील नव्हते.

माझा स्वतःचा एक लहानसा सर्व्हर आहे. त्यावर गुपित म्हणावे असे काही नाही आणि त्याचा पत्ता मी कुठे जाहीरही केलेला नाही. तरी त्याचा लॉगिनचा लॉग उघडला, की अपयशी प्रयत्नांची रांग लागलेली असते. वापरून पाहिलेली नावे ठरावीक असतात: रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, उबुंटू, आणि छोट्या रास्पबेरी पाय संगणकांसाठीचे पाय. मागे कुणी माणूस बसलेला नसतो. आधीच बाधित झालेली यंत्रे नव्या यंत्रांची दारे ठोठावत फिरत असतात. मी पासवर्डने लॉगिन करण्याची सोयच बंद केली आहे आणि केवळ किल्ली वापरून आत येता येते, त्यामुळे ही ठोठावणूक निरर्थक ठरते. पण पासवर्ड चालू असता आणि तो ‘टेस्ट’च असता, तर परवानग्यांच्या नऊ चिन्हांनी माझ्यासाठी काहीही केले नसते.

अधिकृत भांडारातून प्रोग्रॅम घेणे हा युनिक्सचा मोठा बचाव आहे असे वर म्हटले. म्हणूनच गेल्या काही वर्षांत मला सर्वांत अस्वस्थ केले ते २०२४ मधील एक्सझेड प्रकरणाने. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारे साधन. त्याची देखभाल जवळजवळ एकट्या माणसाच्या खांद्यावर होती. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या एका व्यक्तीने, किंवा गटाने, दोन वर्षांहून अधिक काळ तिथे खरोखरची उपयोगी मदत केली, विश्वास संपादन केला आणि सहदेखभालकाचा दर्जा मिळवला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. घातक भाग चाचणीसाठीच्या बिघडलेल्या फायली म्हणून दडवला होता, आणि त्याला जागा करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नसून केवळ प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. डेबियनसारख्या काही वितरणांत दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर आडवळणाने हेच साधन वापरत असल्यामुळे, तो दरवाजा थेट यंत्राच्या मुख्य दारात उघडत होता.

२९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर झाले आणि बहुतेक स्थिर वितरणे वाचली, ती केवळ आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकामुळे. तो वेगळीच मोजमापे करत असताना एसएसएचचे लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्याचा पाठपुरावा केला. त्याला ना कोणत्या अँटिव्हायरसने सूचना दिली होती ना परवानग्यांनी. एक माणूस चौकस निघाला, इतकेच. केन थॉम्पसन याने १९८३ मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिले होते, की कंपायलरच बिघडवला तर मूळ कोड कितीही स्वच्छ असला तरी त्यातून चोरदरवाजा असलेला प्रोग्रॅम तयार करता येतो. युनिक्सच्या जनकानेच दिलेला हा इशारा चाळीस वर्षांनी थोड्या निराळ्या वेषात समोर आला.

मग अँटिव्हायरसचे काय? ईमेलच्या सर्व्हरवर क्लॅमएव्हीसारखे साधन असणे योग्यच आहे, कारण तिथून पुढे जाणारी जोडपत्रे बहुधा विंडोजवर उघडली जातात. घरच्या लिनक्सवर मात्र माहीत असलेल्या नमुन्यांची यादी घेऊन फायली तपासण्याचा उपयोग मर्यादित आहे. एक्सझेडचा चोरदरवाजा अशा कोणत्याही यादीत नव्हता. अद्ययावत राहणे, संगणकाला न जोडलेल्या जागी प्रती ठेवणे, आणि कुठल्या तरी पानावर दिलेली ‘ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ अशी सुडोने सुरू होणारी ओळ न वाचता न चिकटवणे, यांचा उपयोग अधिक होतो.

अनोळखी प्रोग्रॅम चालवून पाहायचा असेल, तर त्यासाठी मी संगणकावर एक वेगळा वापरकर्ता तयार करून ठेवला आहे, ज्याच्या होम डिरेक्टरीत काहीच नाही आणि ज्याला सुडोचा अधिकार नाही. माझ्या स्वतःच्या होम डिरेक्टरीची परवानगी इतरांसाठी पूर्ण बंद केली आहे. उबुंटूमध्ये ती २०२१ च्या २१.०४ या आवृत्तीपूर्वी सर्वांना वाचता येईल अशीच मिळत असे, त्यामुळे जुन्या प्रणालीवर ती एकदा तपासून घ्यावी. असा प्रोग्रॅम त्या वापरकर्त्याच्या स्वतंत्र लॉगिनमध्येच चालवावा, माझ्या खिडक्यांच्या शेजारी नव्हे. कर्नलमधला एखादा नवा बग त्याच्या हाती असेल तर या व्यवस्थेचा उपयोग नाही, आणि नेटवर्क त्याला मोकळेच राहते. ज्या प्रोग्रॅमबद्दल खरोखर शंका आहे तो मी आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या संगणकात, चालवतो.